लग्नाआधी पापणीला घडी पाडून घेऊ का?

हे पत्र नेरुळहून आलंय, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, मी २६ वर्षांची, ऐरोलीला आयटीत जॉब करते. बाबा साताऱ्याचे, आई दार्जिलिंगजवळच्या कालिम्पोंगची, लेपचा जमातीची. माझे डोळे आईवर गेलेत, वरच्या पापणीला घडी नाहीये, डाव्या डोळ्याला अगदी पुसटशी आहे, उजव्याला तीही नाही. शाळेपासून 'चिनी', 'झोपेतून उठलीस का' हे ऐकतेय, सवय झाली होती. आता माघात लग्न आहे, म्हणजे तीन महिने राहिले, सासर ठाण्यात वसंत विहारला. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या की हिचे डोळे दिसतच नाहीत फोटोत. मग नणंदेने एका क्लिनिकचं पॅकेज पाठवलं, डबल आयलिड सर्जरी, वीस मिनिटात होते म्हणे आणि कोरियात सगळ्याच करतात. मी पाच हजार टोकन भरून बसलेय. हा म्हणतो 'तुला हवं तर कर, मला काही प्रॉब्लेम नाही'. आईला सांगितलं तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाहीये. ऑपरेशन सेफ आहे का? माझे डोळे खरंच लहान आहेत का? आणि उद्या मुलांचेही असेच होतील का?"

अगं, आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. माघाच्या आधी हे करू नकोस. लग्नानंतर, वर्षा-दोन वर्षांनी, तुला स्वतःला वाटलं तर तेव्हा बघ, माझा ऑपरेशनला तात्त्विक वगैरे विरोध नाहीये, मी स्वतः डोळ्यांची डॉक्टर आहे आणि पापण्यांची ऑपरेशन्स जवळून बघत आलेय. पण तीन महिन्यांवर लग्न, सासूबाईंचं वाक्य, नणंदेची लिंक आणि भरलेलं टोकन, या सगळ्यात मला तुझी इच्छा कुठे दिसलीच नाही. तुझ्या पत्रात सगळे काय म्हणाले ते आहे, "मला घडी हवीये" असं एकही वाक्य नाही, परत वाचून बघ.

आता डोळे लहान आहेत का. नाहीत. मोठ्या माणसाचा डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा असतो, मग तो माणूस साताऱ्याचा असो की कालिम्पोंगचा की स्वीडनचा, थोडाफार इकडेतिकडे होतो आणि तोही बहुतेक चष्म्याच्या नंबरामुळे. फरक आहे तो डोळ्यावरच्या झाकणात. वरच्या पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी, तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू, त्याच्याखाली एक पातळ पडदा, पडद्यामागे थोडी चरबी, आणि त्याच्याही मागे पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पांढरा पसरट भाग जो खाली येऊन पापणीच्या कण्याला, म्हणजे आतल्या कडक पट्टीला चिकटतो. ज्यांना घडी असते त्यांच्यात या उचलणाऱ्या भागाचे काही बारीक धागे पुढे येऊन कातडीला आतून धरून ठेवतात, त्यामुळे डोळा उघडला की कातडी तिथे आत ओढली जाते, साडीला जिथे पिन मारलीस तिथेच दुमड पडते ना, तसं. तुझ्यासारख्या पापणीत हे धागे कातडीपर्यंत तितके पोचत नाहीत, आणि तो पातळ पडदा उचलणाऱ्या भागाला जरा खालच्या पातळीवर जोडलेला असतो, म्हणून चरबी थोडी खाली उतरू शकते आणि पापणी भरलेली, गुळगुळीत दिसते. बस एवढंच आहे. कुठलाही अवयव कमी नाही, कुठला स्नायू दुबळा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाकाजवळच्या कोपऱ्यातली कातडीची छोटी दुमड, वरच्या पापणीवरून खाली येऊन आतला गुलाबी कोपरा झाकते ती. लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात पण त्या वेगळ्या आहेत, एखाद्याला घडी असते आणि कोपऱ्यातली दुमडही असते, कुणाला दोन्हीतलं एकच असतं, कुणाला दोन्ही नसतं. पॅकेजवाल्यांनी तुला घडीसोबत कोपरा उघडायचंही विचारलं असेल तर तिथे जास्तच सावध राहा, त्याचं पुढे सांगते.

आणि हे फक्त चीन-कोरिया-जपानचं आहे असं समजू नकोस. मंगोलिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, सायबेरिया, तिथून पार बर्फातले इनुइट, अमेरिकेतले बरेच मूळनिवासी, आपल्याकडे लडाख, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर. उत्तर युरोपातल्या सामी आणि फिनिश लोकांतही कोपऱ्यातली दुमड दिसते. मादागास्करला आफ्रिकेच्या शेजारी असून दिसते कारण तिथल्या लोकांचे काही पूर्वज बोर्निओच्या बाजूने समुद्रातून आलेले. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातले खोईसान लोक, कलाहारीच्या वाळवंटातले, त्यांच्या डोळ्यांनाही अशी दुमड असते. म्हणून "बर्फ आणि थंडीपासून वाचायला असे डोळे झाले" ही जी थिअरी व्हॉट्सॲपवर फिरते ती मला कधी पटली नाही, ती सिद्धही झालेली नाही, कलाहारीत कुठला बर्फ. उलट बाजूने बघ, चीन-जपान-कोरियातही कितीतरी लोकांना जन्मतःच घडी असते, फक्त ती पापणीच्या केसांच्या जास्त जवळ, खालच्या बाजूला असते आणि आतल्या कोपऱ्याकडे निमुळती होत जाते. म्हणजे अमुक वंशाची अमुक पापणी असा शिक्का नाहीये, एकाच घरात चार प्रकार सापडतात. तुझ्याच दोन डोळ्यांत दोन प्रकार आहेत की.

तुझ्या त्या दोन डोळ्यांबद्दल एक काम मात्र करून घे, ऑपरेशन करायचं असो नसो. एका पापणीला पुसट घडी आणि दुसरीला नाही हे अगदी नेहमीचं आहे, पण कधीकधी त्याच्यामागे एका बाजूचा टोसिस लपलेला असतो, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू त्या बाजूला जरा कमी उचलतो. घरी बघता येतं. आरशात सरळ समोर बघ, कपाळ ढिलं सोड, भुवया उचलू नकोस, आणि बोटाने लोंबणारी कातडी हलकेच वर धरून पापणीची खरी कड बघ. वरची पापणी काळ्या भागाच्या वरच्या कडेला एक-दोन मिलिमीटर झाकते, ते सगळ्यांचंच असतं. दोन्ही बाजूंना कड सारखी असेल तर प्रश्न मिटला. एका बाजूला कड बाहुलीच्या जवळ आली असेल तर नेत्रतज्ज्ञाला दाखव, आणि जाताना दहावीचा, कॉलेजचा असे जुने फोटो घेऊन जा, डॉक्टर तेच विचारतात, आधीपासून असं होतं की आत्ता झालं. एखादी पापणी अचानक पडली, किंवा त्यासोबत एकाचे दोन दिसायला लागले, एका डोळ्याची बाहुली मोठी वाटली, तर ते अर्जंट असतं, त्याच दिवशी हॉस्पिटल. सकाळी बरी आणि संध्याकाळपर्यंत पापणी जड होत जाते असं असेल तर तेही सांगायचं. तुझ्या पत्रात असलं काहीच नाही, पण हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

आता ते "कोरियात सगळ्याच करतात". सगळ्याच करत नाहीत, पण भरपूर करतात हे खरं, तिथे हे ऑपरेशन अगदी कॉमन आहे. पण याची सुरुवात कुठून झाली ते बघ. जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरने १८९६ मध्ये पहिल्यांदा याबद्दल लिहिलं, आणि त्याची पेशंट कोण होती तर एका डोळ्याला घडी आणि दुसऱ्याला नाही अशी एक बाई, बिलकुल तुझ्यासारखी. त्याने टाके घालून दुसऱ्या डोळ्याला पहिल्यासारखी घडी केली, म्हणजे तिचे दोन डोळे एकमेकांसारखे केले, कुणा गोऱ्या माणसासारखे नाही. मग १९५० च्या दशकात कोरियन युद्धानंतर तिथे मिलार्ड नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, फाटलेल्या ओठाच्या ऑपरेशनसाठी जगभर नाव असलेला माणूस, त्याने तिथल्या लोकांवर ही ऑपरेशन्स केली आणि त्यावर लेख लिहिले. त्यात कोरियन दुभाष्याचा किस्सा आहे, अमेरिकनांबरोबर वावरणारा, "मला गोल डोळ्यांचा करा" म्हणून आलेला. हे वाचताना मला कसंतरीच होतं. आज सोलमधली मुलगी कदाचित तसा विचार करत नसेल, तिला तिच्याच मावशीसारखी घडी हवी असेल, ते मी समजू शकते. पण तुझ्याकडे जो निरोप आलाय तो मिकामोच्या पेशंटचा नाहीये, दुभाष्याचा आहे. तुला आजूबाजूच्यांसारखं दिसायला सांगितलं जातंय.

आणि डोळ्यांवरून माणसं वेगळी काढायची खोड जुनी आहे, शिकल्यासवरल्या लोकांची आहे. १८६६ मध्ये लंडनजवळच्या एका संस्थेतला डॉक्टर लँगडन डाउन याने आपण आज डाउन सिंड्रोम म्हणतो त्या मुलांचं वर्णन केलं आणि त्यांचे डोळे बघून त्यांना चक्क "मंगोल" म्हणून टाकलं, म्हणजे एका अख्ख्या लोकसमूहाचं नाव एका आजाराला. १९५९ मध्ये जेरोम लेज्यून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे २१ व्या क्रोमोझोमची एक जास्तीची प्रत असल्यामुळे होतं, वंशाशी काडीचा संबंध नाही, तरी तो शब्द चालूच राहिला. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी द लॅन्सेटमध्ये पत्र लिहून तो बंद करा म्हटलं आणि १९६५ मध्ये मंगोलियानेच तक्रार केल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडून दिला. शंभर वर्षं लागली एक चुकीचं नाव काढायला. मग आपल्या गल्लीतली "चिनी" ही हाक एका पिढीत जाईल अशी अपेक्षा मी करत नाही, पण तिला गंमत म्हणणंही मी सोडलंय. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की ईशान्येकडच्या आदिवासी लोकांना डोळ्यांवरून जी शिवी देतात ती ॲट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकते, आणि २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा मारहाणीनंतर जीव गेला, मग ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला बेझबरुआ समिती बसली. तुझ्या वर्गातल्या पोरांवर केस कर असं म्हणत नाहीये गं, एवढंच की "सवय झाली होती" असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मला त्या ओळीवर थांबावंसं वाटलं.

बरं, ऑपरेशन सेफ आहे का. चांगल्या हातात बऱ्यापैकी सेफ आहे, पण वीस मिनिटं हा आकडा विसर. दोन पद्धती आहेत. एक टाक्याची, कातडी न कापता बारीक छिद्रांतून आत धागे घालून कातडी त्या उचलणाऱ्या भागाशी बांधतात. सूज कमी येते, पण घडी पुढे सैल पडू शकते, धागा बाहेर डोकावू शकतो किंवा त्याची गाठ आतून डोळ्याला टोचू शकते. दुसरी कापायची पद्धत, घडी जिथे हवी तिथे चीर देऊन थोडी कातडी, थोडा स्नायू, कधी चरबी काढून टाके घालतात, ही टिकते, पण जे काढलं ते परत बसवता येत नाही. दोन्हींत काय बिघडू शकतं तर दोन डोळ्यांच्या घड्या खालीवर होणं (आणि तुझ्या केसमध्ये आधीच दोन डोळे वेगळे आहेत, म्हणजे सर्जनला जास्त नेमका हात लागतो), घडी फार वर जाऊन डोळे कायम दचकल्यासारखे दिसणं, व्रण जाड राहणं, पापणी उचलणाऱ्या भागाला धक्का लागून पापणी पडणं, जास्त कातडी काढली तर झोपेत डोळा पूर्ण न मिटणं आणि मग कोरडेपणा, जळजळ. तू दिवसभर स्क्रीनसमोर असतेस, तुला कोरडेपणा आधीच असेल तर ते आणखी वाढतं. डोळ्याच्या मागे रक्तस्राव होऊन नजर जाणं फार म्हणजे फार क्वचित, पण सहीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं आणि ते वाचूनच सही करायची असते. कोपरा उघडायचं जे ऑपरेशन आहे त्यात नाकाजवळची कातडी जाड असल्यामुळे व्रण दिसायची शक्यता जास्त, आणि एकदा जास्त उघडलं की परत झाकणं महाकठीण. तिथे माझं स्पष्ट नाही.

आता तारखेचं गणित बघ, कारण पॅकेजवाल्या बाईने तुला हे सांगितलेलं दिसत नाही. मोठी सूज आणि काळेनिळेपण जायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर तू घरात, ऑफिसात नॉर्मल दिसशील पण घडी हवी त्यापेक्षा वर आणि फुगीर दिसते, ती हळूहळू खाली बसत जाते, खरा आकार कळायला तीन ते सहा महिने जातात, कापून केलं असेल तर जास्तही. काही दुरुस्ती करायची तरी सर्जन साधारण सहा महिने थांबायला सांगतात. म्हणजे आज टेबलावर झोपलीस तरी अंतरपाट धरला जाईल तेव्हा तुझ्या पापण्या अर्ध्या कच्च्या असणार, कॅमेरा मात्र पक्का. ज्या फोटोंसाठी हे सगळं करायचं ते फोटोच बिघडणार, हे नणंदेला एवढ्याच शब्दात सांग, तिला पटकन कळेल. कॉस्मेटिक ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही, बिघडलं की दुरुस्तीचा खर्चही आपल्याच खिशातून.

पुढे कधी तुझ्या मनाने करायचं ठरलंच तर डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीचं वेगळं ट्रेनिंग घेतलेला नेत्रतज्ज्ञ, ज्याला ऑक्युलोप्लास्टीवाला म्हणतात, किंवा रीतसर प्लास्टिक सर्जन. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे का बघ. आणि विचार की घडी नसलेल्या पापण्या किती केल्यात, कारण आपल्याकडे पापणीची जी नेहमीची ऑपरेशन्स होतात ती टोसिसची किंवा वयाने लोंबलेल्या पापण्यांची, तुझ्या पापणीची रचना वेगळी आहे, तिला तेच माप लावलं की घडी भलतीकडे वर जाते. ज्या क्लिनिकमध्ये सर्जनला न भेटता काउंटरवरच्या मुलीने तुझ्याकडून टोकन घेतलं तिथे तर नकोच.

वयाने लोंबलेल्यावरून आठवलं. साठीकडे झुकलं की घडी असलेल्यांचीही कातडी सैल होऊन घडीवर उतरते, भुवई खाली येते, आणि मग फोटोत डोळे दिसत नाहीत अशी तक्रार घेऊन कितीतरी काकू माझ्याकडे येतात. सासूबाईंना हे आत्ता सांगू नकोस हां. मनातल्या मनात ठेव.

मेकअपचं. माझा अनुभव असा की निम्मा प्रॉब्लेम मेकअप आर्टिस्टचा आहे, ती टपोऱ्या डोळ्यांवर शिकलेली असते आणि तेच डिझाइन सगळ्यांवर चोपडते. डोळे मिटून जाड लाइनर काढलं की तुझ्या पापणीत ते उघडल्यावर आत गडप होतं आणि वरून काळा डाग उमटतो, मग डोळे अजूनच बारीक. लाइनर डोळे उघडे ठेवून, सरळ समोर बघताना काढायला सांग. पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक काळं भरायचं, केस तुझे खाली झुकलेले असणार म्हणून कर्लर आणि वॉटरप्रूफ मस्कारा, आणि शेडची रंगछटा घडीच्या काल्पनिक रेघेपर्यंत नाही तर डोळे उघडल्यावर दिसेल तितकी वर न्यायची. आतून काजळ जाड भरलं की डोळे लहान दिसतात, ते सगळ्यांनाच लागू आहे. पापणीला चिकटवायची टेप आणि ग्लू मिळतो, एका दिवसापुरता वापरायचा तर वापर, पण ग्लूमध्ये लॅटेक्स असू शकतं, त्याची ॲलर्जी असेल तर लग्नाच्या दिवशी पापण्या भज्यासारख्या फुगतील, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ, मग ट्रायलमध्ये पापणीला. काढताना ओढायचं नाही, तेलाने सोडवायचं. रोज मात्र नको, रोजच्या ओढाओढीने ती पातळ कातडी लवकर सैल पडते आणि चिडते. वाशीत आसाम भवन, मिझोराम हाऊस आहे, आईच्या ओळखीत तिकडच्या कुणी असतीलच, त्यांच्या मुलींच्या लग्नात मेकअप कोणी केला ते विचार, ती आर्टिस्ट बोलाव. फोटोग्राफरलाही आधी भेट आणि सांग की कॅमेरा जरा डोळ्यांच्या पातळीवर ठेव, खालून नको, आणि समोरून फ्लॅश मारू नको. साखरपुड्याच्या त्या फोटोंत हॉलच्या झगमगीत लाइटमुळे डोळे मिचकावलेही असशील, बरेच जण मिचकावतात, तुझंच तेवढं दिसलं.

मुलांचं. शाळेत शिकवतात तसं एक जीन घडीचा, एक बिनघडीचा, असं सोपं नसतं, पापणीचा आकार बऱ्याच जीन्सनी मिळून ठरतो, त्यामुळे तुमच्या मुलांचे डोळे तुझ्यासारखे, त्याच्यासारखे किंवा मधलेच कुठले तरी होतील, दोन भावंडांचेही वेगळे होतील. आणि घडी पाडून घेतलीस तरी जीन्स तेच राहणार, टाके पुढच्या पिढीत जात नाहीत, तेव्हा उद्या मुलगी तुझ्यासारखी झाली तर तिच्यासमोर तुझे जुने फोटो असतील आणि ती विचारेल. याचं उत्तर तुझं तू ठरव. दोन डॉक्टरी गोष्टी तेवढ्या लक्षात ठेव. कुठल्याही वंशाच्या तान्ह्या बाळाचं नाकाचं हाड बसकं असतं आणि कोपऱ्यात बऱ्याचदा दुमड असते, त्यामुळे डोळ्याचा आतला पांढरा भाग झाकला जाऊन बाळ तिरळं बघतंय असं वाटतं, सासरी-माहेरी सगळे घाबरतात. बाळाने समोर बघताना थोड्या अंतरावरून छोट्या टॉर्चचा उजेड धर, दोन्ही डोळ्यांत तो ठिपका बाहुलीच्या मध्यावर सारखा पडला तर बहुतेक भासच असतो, नाक वर आलं की जातो. सारखा पडला नाही, किंवा चार-सहा महिन्यांनंतरही तिरळं वाटत राहिलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे, "मोठं झालं की जाईल" म्हणत बसायचं नाही, खऱ्या तिरळेपणात उशीर केला की त्या डोळ्याची नजर मागे पडते. दुसरं, अशा पापण्यांच्या मुलांमध्ये कधी खालच्या पापणीची कातडी वर ढकलली जाऊन केस डोळ्यावर घासतात, डोळ्यातून सारखं पाणी, उजेडाकडे बघवत नाही, मूल डोळे चोळतं. बऱ्याचदा वाढीबरोबर सुटतं, बुबुळावर ओरखडे पडत असतील तर छोटं ऑपरेशन लागतं. ते ऑपरेशन मात्र गरजेचं असतं, त्याला कॉस्मेटिक म्हणून टाळायचं नाही.

होणाऱ्या नवऱ्याबद्दल मला राग आलाय, लपवत नाही. "तुला हवं तर कर" हे ऐकायला फार मोकळं वाटतं पण त्यात त्याने स्वतःच्या आईशी बोलायचं काम तुझ्यावर ढकललंय. प्रश्न तुझ्या पापणीचा नाहीये, त्याच्या घरात एक वाक्य बोललं गेलं त्याचा आहे, आणि ते वाक्य त्याने त्याच वेळी, हसत का होईना, अडवायला हवं होतं. त्याला तलावपाळीला नेऊन बसव आणि सरळ विचार, तुझ्या आईला तू काय सांगणारेस आणि कधी. "तिचा तसा अर्थ नव्हता" असं तो म्हणाला तर म्हण की ठीक, मग तिला अर्थ काय होता ते तूच विचारून ये. उत्तर काय येतं त्यावरून तुला लग्नाआधी बरंच कळेल, आणि हे पापणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. सासूबाई वाईट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही, आपल्याकडे बायका मुलगी बघताना रंग, उंची, नाक, डोळे हे इतकं सहज बोलतात की पाहुण्यांसमोर बोलतोय हेही त्यांच्या लक्षात येत नाही, घारे डोळे असले तर कौतुक आणि मिचमिचे असले तर चुकचुक. पण सहज बोललं म्हणून लागत नाही असं थोडंच आहे.

आणि आई. ती रागावलेली नाहीये गं. तू तिला सांगितलंस की मी हे डोळे कापून बदलून घेणारे, आणि ते डोळे तिचे आहेत. ती साताऱ्याच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला काय काय ऐकावं लागलं असेल हे तू कधी विचारलंयस का? नसशील तर आत्ता विचार. ऐरोलीहून घरी परत येताना वाटेत फोन कर किंवा रविवारी स्वयंपाकघरात तिच्याशेजारी उभी राहा, ऑपरेशनचा विषय काढू नकोस, तिच्या लग्नाचं विचार. लग्नातले तिचे फोटो मागून बघ, तिच्या आईचेही, आणि तिकडच्या लग्नात नवरीला कसं सजवतात ते विचार. तिच्याकडचं काही तुझ्या लग्नात येणार आहे का, दागिना, कापड, एखादा विधी? पत्रात मुंबई-साताऱ्याचंच सगळं दिसलं.

राहिलं टोकन. फोनवर बोलू नकोस, आज संध्याकाळीच क्लिनिकला ईमेल टाक, की सर्जनची कन्सल्टेशन झालेली नाही, कुठल्याही संमतीपत्रावर मी सही केलेली नाही, मला प्रोसिजर करायची नाही, पाच हजार परत करा, सोबत पेमेंटचा स्क्रीनशॉट जोड. "नॉन-रिफंडेबल आहे" असं म्हणाले तर ते कुठे लिहून दिलंत ते दाखवा म्हण. आठवडाभर उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदव. आणि नणंदेला त्या ईमेलच्या सीसीमध्ये घालू नकोस, उगाच वाढेल, तिला नुसतं सांग की घडी नीट बसायला सहा महिने लागतात म्हणून कॅन्सल केलं.